मदत हवी आहे: अमेरिकेतल्या बंदूक नियंत्रणाच्या जनमत चाचण्यांत कोणता आकडा खरा धरायचा?

तांबडी_माती
शुक्रवारी लेख द्यायचा आहे आणि एका आलेखापाशी अडकले आहे. बंदूक नियंत्रण हवं म्हणणारे त्यात असे दाखवलेत: १९५९ ला ६० टक्के, १९९० ला ७८, २०१० ला ४४, २०२१ ला १९. यावरून अमेरिकनांना आता बंदुकांवर निर्बंध नको आहेत, असं मी लिहिलं. संपादकबाई म्हणतात, मग नव्वद टक्के लोकांना निर्बंध हवेत असं छापून येतं ते काय खोटं? दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? कृपया आजच सांगा.

जुना_सांख्यिक
चाचणी कुणाची? लेख कुठे जाणार? आणि मुख्य म्हणजे लोकांना प्रश्न काय विचारला होता?

तांबडी_माती
गॅलपची, म्हणजे अमेरिकेतल्या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेची. लेख आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी. प्रश्न बंदूक नियंत्रणाचाच की, दुसरा कुठला असणार? आलेख व्हॉट्सॲपवर आला होता.

डॅलसकर
ताई, एच-वन व्हिसावर असाल तर बंदूक सहसा घेता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर सवलत आहे. आधी वकिलाला विचारा.

तांबडी_माती
मला बंदूक घ्यायची नाहीये हो!

जुना_सांख्यिक
गोम प्रश्नातच आहे. १९५९ चे ६० आणि २०२१ चे १९ हे ‘पोलीस आणि अधिकृत व्यक्ती सोडून इतरांना हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्वर) बाळगायला बंदी असावी का’ या प्रश्नाचे. ७८ आणि ४४ हे ‘बंदूकविक्रीचे कायदे अधिक कडक करावेत, सैल करावेत की आहेत तसेच ठेवावेत’ याचे. या दुसऱ्या प्रश्नावर २०२१ चा आकडा ५२ आहे. कुणीतरी दोन वेगळ्या मालिका एकाच रेघेत ओवल्यात. तो आलेख छापू नका.

सुमेधा_टेक्सास
आणि नव्वद टक्के म्हणजे खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याला पाठिंबा. माझ्या शेजाऱ्यांकडे कपाटभर रायफली आहेत, दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातात. कायदे कडक करावेत का विचारलं तर ‘अजिबात नाही’. दुकानाबाहेर, बंदुकांच्या जत्रेत किंवा ओळखीत बंदूक विकतानाही तपासणी व्हावी का विचारलं तर ‘व्हायलाच हवी, माझी झाली तशी सगळ्यांची होऊ दे’. दोन्ही उत्तरं अगदी मनापासून. पहिल्या आकड्यात ते विरोधक, दुसऱ्यात समर्थक.

कोकणकडा
चाचण्यांवर विश्वासच ठेवू नका. २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडच्या एक्झिट पोलनी काय दिवे लावले ते पाहिलं ना? आणि नव्वद टक्के लोकांना तपासणी हवी होती तर एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये तपासणीचं विधेयक पडलं कसं?

जुना_सांख्यिक
एक्झिट पोलचा इथे काय संबंध? तिथे पक्ष आणि जागांचा अंदाज असतो, इथे मत विचारतात. आणि सिनेटमध्ये बाजूने ५४ मतं होती, विरोधात ४६. पुढे जायला लागत होती ६०. त्यावरून लोकांचं मत कसं काढता?

कोकणकडा
मग मेन राज्याचं सांगा. २०१६ ला थेट जनतेनेच सार्वमतात तपासणी नाकारली.

सुमेधा_टेक्सास
त्याच दिवशी नेवाडात ती मंजूर झाली, तीही जेमतेम. मला यातून एवढंच दिसतं की फोनवर ‘हो’ म्हणणाऱ्यातले बरेच जण, कायद्याचा मसुदा समोर आला आणि विरोधी प्रचार कानावर पडला की मागे सरतात. पाठिंबा खरा आहे, पण सगळ्यांचा सारखा घट्ट नाही. लेखात हे जरूर लिहा.

हडसनकाठ
माझं ऐका, महिना पाहिल्याशिवाय आकडा घेऊच नका. ‘अधिक कडक’ म्हणणारे २०११ ला ४३ टक्के. सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर डिसेंबर २०१२ ला ५८. पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर मार्च २०१८ ला ६७. उवाल्डेच्या शाळेतल्या गोळीबारानंतर जून २०२२ ला ६६, त्याच ऑक्टोबरात ५७. जूनचा आकडा घेतला तर लाट दिसते, ऑक्टोबरचा घेतला तर ओहोटी.

जुना_सांख्यिक
हडसनकाठ, महिना महत्त्वाचा हे मान्य, पण तेवढ्याने भागत नाही. ‘अधिक कडक’ म्हणजे कशापेक्षा? आज जे कायदे आहेत त्यांच्यापेक्षा. १९९० मध्ये ब्रेडी कायदा, म्हणजे दुकानातून बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचा कायदा, नव्हता, तो १९९३ ला आला. नव्वदच्या दशकात खुनांचं प्रमाणही खूप उतरलं. ज्याला जे हवं होतं ते मिळालं, तो पुढच्या वेळी ‘आहेत तसेच ठेवा’ म्हणणार. त्याचं मत तेच, आकडा मात्र खाली. शिवाय डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन आता इतके दूर गेलेत की सरासरी दोघांपैकी कुणाचंच मत सांगत नाही. पक्षवार रेघा वेगळ्या काढा.

तांबडी_माती
मनापासून आभार. दोन स्वतंत्र आलेख करते, प्रत्येकाखाली पूर्ण प्रश्न आणि महिना. फक्त एक सांगा, ‘अधिक कडक’ २०२० ला ५७ होते ते वर्षभरात ५२ का झाले? त्या काळात बंदुकांची खरेदी वाढली होती, ते कारण लिहू का?

जुना_सांख्यिक
लिहू नका. हजारेक लोकांच्या चाचणीत चार टक्के इकडे-तिकडे होतातच, आणि तेही दोन्ही वर्षांच्या आकड्यांना लागू. पाच टक्क्यांच्या फरकाला कारण चिकटवायचं नाही. पक्षवार आकड्यांत तर माणसं आणखी कमी, तिथे सात-आठ टक्क्यांखालच्या फरकाकडे पाहूही नका.