सायकॉलॉजिस्टची फी, मेडिक्लेम आणि बाबांचं पासबुक

पेन्सिलची खूण

विलेपार्ल्यात एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे दोनदा जाऊन आलो. ५० मिनिटांचे १८०० रुपये. दर आठवड्याला या म्हणाल्या, म्हणजे महिन्याला ७२००. माझ्या हातात ३६ हजार पडतात, त्यातले १२ घरात देतो. फी कमी करा म्हणायची लाज वाटते. आपण भाजी घ्यायला थोडेच गेलोय!

कंपनीच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचे १० हजार आहेत. पण बिल लावलं तर एचआरला कळणार का?

आता खरी गंमत. माझं खातं कॉलेजपासून बाबांबरोबर जॉइंट आहे आणि पगारही तिथेच येतो. बाबा दर ५ तारखेला पासबुक भरून आणतात आणि एकेका नोंदीवर पेन्सिलने खूण करतात. दुसऱ्या वेळची फी मी गूगल पेने दिली. क्लिनिकच्या नावात 'माइंड' आहे. "हे माइंड काय?" मी म्हटलं, जिम. तेव्हापासून बाबा माझं पोट निरखतात.

शिवाय बाईंच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करतो. नाव, मोबाइल, कुणाकडे. आधी आलेल्यांचंही सगळं वाचता येतं. त्याच सोसायटीत बी विंगला माझ्या मामेबहिणीचं सासर आहे. बाई स्वतः कुणाला सांगणार नाहीत, ती खात्री आहे. बाकीच्यांचं काय?

स्पष्टवक्ता

१८०० रुपये देऊन बोलायचं? मित्रांशी बोल की, फुकट आहे.

पेन्सिलची खूण

एकाशी बोललो होतो. त्याने ग्रुपवर टाकलं.

जुना क्लेमवाला

मी सहा वर्षं टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या एजन्सीत, क्लेम तपासले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. तुझ्याकडे ओपीडी आहे हे नशीब. तरी नुसत्या सायकॉलॉजिस्टच्या बिलावर आमच्याकडे हमखास शेरा पडायचा, 'डॉक्टरांची चिठ्ठी जोडा'. म्हणजे सायकिअॅट्रिस्टची (मनोविकारांच्या डॉक्टरची) वेगळी फी आली.

एचआरचं म्हणशील तर आम्ही महिन्याला एक तक्ता पाठवायचो, कर्मचाऱ्याचं नाव आणि रक्कम. काही कंपन्या आजाराचा रकानाही मागून घ्यायच्या. सगळीकडे असंच चालतं असं नाही. तुमच्या तक्त्यात काय जातं ते आधी टीपीएच्या हेल्पलाइनला विचार, स्वतःचं नाव न सांगता.

समुपदेशिका_ठाणे

मी याच क्षेत्रात आहे. सवलत मागण्यात लाज कसली? आमच्यातले बरेचजण काही अपॉइंटमेंट कमी फीच्या म्हणून राखून ठेवतात, बहुधा आठवड्याच्या मधल्या दुपारच्या. तोंडाने जमत नसेल तर मेसेज कर, 'मला इतकेच परवडतील'. पंधरवड्यातून एकदा चालेल का, तेही विचार. आणि ऐनवेळी रद्द केलं तर पूर्ण फी घेतात का, ते आजच विचारून ठेव. लोक तिथेच चिडतात.

त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये गुप्ततेचा हक्क आहे. त्याला अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका असला किंवा हायकोर्टाचा आदेश आला, तर आवश्यक तेवढी माहिती द्यावी लागते. तू सज्ञान आहेस, त्यामुळे वडिलांनी फोन केला तरी तू येतोस की नाही एवढंसुद्धा बाईंनी सांगता कामा नये. त्यांचा रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नोंदणी क्रमांक बघितलास ना? नोंदी कुठे ठेवतात, तेही बिनधास्त विचार.

रजिस्टरचं मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात येत नाही, कबूल. माझ्या बिल्डिंगमध्येही आहे. उद्याच सेक्रेटरींशी बोलते.

परळची मावशी

अरे बाळा, केईएमला मानसोपचाराची ओपीडी आहे. माझ्या धाकट्याला दोन वर्षं नेत होते. दहा रुपयांचा केसपेपर काढायचो. पण पूर्ण सकाळ जाते, बाकड्यावर शेजारी कोण बसेल सांगता येत नाही, आणि डॉक्टर दर वेळी तेच असतील असं नाही. आम्हाला तरी गुण आला. रात्री जीव घाबरला तर १४४१६ ला फोन कर, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

आणि बाबांना सांगून टाक रे.

पेन्सिलची खूण

मावशी, ते पुढच्या महिन्यात बघतो.

काल बाईंना मेसेज केला. पाच मिनिटांत उत्तर आलं. १२००, बुधवारी दुपारी ३, पंधरवड्यातून एकदा. दुपारी ३ ला ऑफिसातून कसं निघायचं ते माझं मी बघायचं. रजिस्टरचं सांगितल्यावर त्या हसल्या. वॉचमनला फक्त फ्लॅट नंबर सांगायचा, त्या वरून इंटरकॉमवर हो म्हणतील. क्लेमच्या भानगडीत पडत नाही, रोखच देईन.

आता पासबुकात दर पंधरा दिवसांनी एटीएममधून १२०० काढल्याची नोंद दिसणार. जिमची फी महिन्याला असते, हे बाबांना ठाऊक आहे.