मित्राची एडीएचडीची गोळी खाऊन रात्रभर अभ्यास: मेंदूत नेमकं काय होऊन राहिलं?

अयोध्यानगरची ताई
माझा लहान भाऊ नीटची तयारी करतो, मेडिकल चौकाजवळ खोली करून राहतो. मेसमधल्या एका पोट्ट्यानं त्याला मिथिलफेनिडेटची, म्हणजे एडीएचडीवरच्या (लक्ष न टिकण्याच्या आजारावरच्या) गोळीची, अर्धी पट्टी दिली. आता पहाटे तीनपर्यंत जागतो आणि डबा तसाच परत पाठवतो. आईनं केलेल्या सांबारवडीलाही हात लावला नाही, आणि ती तर तो कढईतूनच उचलायचा. म्हणतो, "ताई, नशा नाही ना ही, फक्त डोपामिन वाढते." पण कोकेनही डोपामिनचं पुनर्शोषणच अडवते असं वाचलं. मग फरक काय? त्याला भीती घालायची नाही, पटेल असं सांगायचं आहे.

फार्माकॉलॉजीवाले काका
ताई, वाचलं ते बरोबर आहे. एका चेतापेशीतून सुटलेलं डोपामिन पुढच्या पेशीला निरोप देतं आणि मग परत आत खेचलं जातं, हेच पुनर्शोषण. हे काम डोपामिन ट्रान्सपोर्टर नावाचं प्रथिन करतं. मिथिलफेनिडेट त्यावर जाऊन बसतं, त्यामुळे डोपामिन बाहेरच रेंगाळतं. कोकेनही तिथंच बसतं. अ‍ॅम्फेटामिन हे दुसरं उत्तेजक याच्याही पुढे जातं: ट्रान्सपोर्टरमधून पेशीत शिरतं, आतला साठा मोकळा करतं आणि ट्रान्सपोर्टर उलटा चालवून डोपामिन बाहेर काढतं.

जागा एकच, मग कोकेनचीच नशा का चढते? वेगामुळे. ओढलेलं किंवा टोचलेलं कोकेन झपाट्यानं मेंदूत पोचतं, डोपामिन एकदम उसळतं, लगेच उतरतं, की पुन्हा हवंसं वाटतं. पोटात घेतलेली गोळी हळूहळू चढते, तास-दीड तास घेते. मेंदूसंशोधक नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पेट स्कॅननं (मेंदूतली रसायनं टिपणाऱ्या तपासणीनं) दाखवलं, की उपचाराच्या मात्रेतली गोळीसुद्धा मेंदूतलं डोपामिन चांगलंच वाढवते. म्हणजे गोळी सौम्य आहे म्हणून नाही, तर चढ मंद आहे म्हणून नशा येत नाही. तीच कुटून नाकानं ओढली की हे संरक्षण गेलं. भावाला एवढं तर सांगाच.

गोळी नॉरअ‍ॅड्रेनलिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचंही पुनर्शोषण अडवते. भूक मरते, झोप उडते, नाडी आणि रक्तदाब चढतो. डबा परत येतो तो त्याच्यामुळेच. समोरचं काम महत्त्वाचं वाटू लागतं, कंटाळा मागे सरतो, हे खरं. बुद्धी मात्र वाढत नाही. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि हा तीच झोप घालवून बसला आहे.

धंतोलीची एक आई
माझा मुलगा हीच गोळी घेतो. वहीतली एक ओळ सुरू करून शेवटपर्यंत लिहिणं त्याला या गोळीनं जमलं, म्हणून तिला नावं ठेवणार नाही. पण ती आम्ही सकाळी नाश्त्यानंतरच देतो, आणि दर भेटीला वजन, उंची, नाडी, रक्तदाब मोजतात. औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतलं आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक मेडिकलवाला दोन वर्षं जपून ठेवतो. मेसमध्ये पट्टी वाटली जाते तेव्हा कुणाच्या तरी लेकराचा डोस कमी पडतो, ताई. याचा मला फार राग येतो.

अयोध्यानगरची ताई
काका, तो म्हणतो कॉफीपण तेच करते ना. आणि आता बंद केली तर त्रास होईल का?

फार्माकॉलॉजीवाले काका
नाही जी. कॅफिन अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर (निरोप घेणाऱ्या जागा) अडवतं, थकव्याचा निरोप पोचू देत नाही. ट्रान्सपोर्टरला ते हात लावत नाही.

बंद केल्यावर सुस्ती, चिडचिड होऊ शकते. भरपूर झोपू द्या, जेवू घाला. उदासी टिकली तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड थांबेना, तर परीक्षा-बिरीक्षा बाजूला ठेवून सरळ कॅज्युअल्टीत न्या आणि काय घेतलं ते तिथं लपवू नका. लहानपणापासूनच लक्ष लागत नसेल तर मानसोपचाराच्या ओपीडीत तपासून घ्या. एडीएचडी निघालाच तर औषध त्याला स्वतःच्या चिठ्ठीवर, योग्य मात्रेत मिळेल.