पेट्या मिळतात, पुढचं काय?

अनुदानावर मधमाश्यांच्या पेट्या वाटल्या की मधपालन वाढेल, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी केंद्रानं 500 कोटी मंजूर केले, चांगलंच झालं. पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं पावसाळ्यात फुलोरा नसल्यात जमा. तेव्हा सातेरीला, म्हणजे इथल्या देशी मधमाशीला, साखरपाक दिला नाही तर वसाहत खंगते, मेणपतंगाची अळी पोळ्यात जाळी करते आणि एक दिवस माश्या पेटी सोडून जातात. मग त्या पेटीत कांदे ठेवायचे!

शिवाय सातेरी जंगलपट्ट्यातली. सौंदत्ती-रामदुर्गकडच्या सूर्यफुलावर मेलिफेरा, म्हणजे बाहेरून आणलेली युरोपीय मधमाशी, बरी. दोघींचं प्रशिक्षण एकच कसं चालेल? बागायत खात्याचे अर्ज कन्नडमध्ये असतात, ते आपले मराठी लोक कुणालातरी गाठून भरून घेतात. वसाहत का मेली हे सांगणारा माणूस मात्र सापडत नाही. 1991-92 च्या सुमारास मधमाशीच्या अळ्या मारणाऱ्या थाई सॅकब्रूड या विषाणूरोगानं कर्नाटकातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या, तरी ही गत. त्यापेक्षा पेट्या थोड्या कमी द्या, पण पहिले दोन पावसाळे गावोगाव फिरून पेट्या उघडून बघणारा तंत्रज्ञ नेमा. आणि फुलोऱ्यात फवारणी टाळता येतच नसेल तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करायला लावा.