लाल चेंडूमागे जाणारा रोबो दिवसा चेंडू का हरवतो?

प्रश्न – इलेक्ट्रॉनिक्स, तृतीय वर्ष
नमस्कार. आमच्या गटाने रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) आणि त्याचा कॅमेरा वापरून लाल चेंडूचा माग काढणारा रोबो तयार केला आहे. ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीत चित्र एचएसव्ही या रंगपद्धतीत बदलून ह्यू (रंगाची छटा) ० ते १०, तर सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) आणि व्हॅल्यू (उजळपणा) प्रत्येकी १०० च्या वर अशा मर्यादा ठेवल्या आहेत. रात्री ट्यूबच्या उजेडात तो नीट चालतो. दिवसा मात्र खिडकीकडे तोंड वळले की चेंडू दिसेनासा होतो, आणि कधीकधी शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या हातामागे जाऊ लागतो. शिवाय दूर असलेला चेंडू सापडतो, पण अगदी जवळ आला की मास्कमध्ये (मर्यादांत बसणारे ठिपकेच पांढरे दाखवणाऱ्या चित्रात) त्याचे तुकडेच उरतात. आज जुळवलेल्या मर्यादा उद्या चालत नाहीत. नेमके कुठे पाहावे?

उत्तर – रोबोटिक्स मार्गदर्शक
मर्यादांना हात लावण्याआधी कॅमेरा स्थिर करा, कारण सध्या तुम्ही हलत्या मापाने मोजत आहात. चेंडू जवळ येऊन चौकट लाल रंगाने भरली की स्वयंचलित व्हाइट बॅलन्सला (उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणाऱ्या सोयीला) उजेडच तांबूस आहे असे वाटते आणि तो लाल रंग कमी करतो; खिडकी समोर आली की स्वयंचलित एक्स्पोजर (प्रकाश किती वेळ घ्यायचा हे ठरवणारी सोय) सगळे चित्र काळवंडून टाकते आणि चेंडूची व्हॅल्यू १०० च्या खाली जाते. खिडकीची आणि जवळच्या चेंडूची अशा तुमच्या दोन्ही तक्रारी यातूनच येत असाव्यात. पायकॅमेरा२ ही कॅमेरा चालवणारी पायथन लायब्ररी वापरत असाल, तर कॅमेरा सुरू करून पांढऱ्या कागदावर रोखा, क्षणभर थांबून मेटाडेटामधील (फ्रेमसोबत मिळणाऱ्या माहितीतील) कलरगेन्स, म्हणजे लाल आणि निळा रंग किती वाढवला ते आकडे, वाचून घ्या आणि तीच मूल्ये कायम करा. त्यानंतर एईएनेबल (स्वयंचलित एक्स्पोजर) बंद करून एक्स्पोजर आणि गेन (सेन्सरच्या संकेताची वाढ) स्वतः ठरवा.

ह्यूचे म्हणाल, तर ओपनसीव्ही ३६० अंशांचे वर्तुळ निम्मे करून ० ते १७९ मध्ये बसवते, आणि लाल रंग नेमका त्या वर्तुळाच्या सांध्यावर येतो. म्हणून ० ते १० आणि १७० ते १७९ असे दोन मास्क करून ते एकत्र जोडावेत.

उत्तर – मशीन व्हिजन
वरील मताशी सहमत आहे. फक्त हाताचा प्रश्न त्याने पूर्ण सुटणार नाही. त्वचेचा ह्यू लालाच्या शेजारीच असतो, पण तिचे सॅच्युरेशन चकचकीत प्लास्टिकच्या चेंडूपेक्षा बहुधा बरेच कमी असते. तेव्हा व्हॅल्यूची खालची मर्यादा सैल सोडून सॅच्युरेशनची १५० च्या आसपास नेऊन पाहा. त्यानंतर सापडलेल्या आकाराचे क्षेत्रफळ त्याला वेढणाऱ्या लहानात लहान वर्तुळाच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहा: चेंडूचे गुणोत्तर १ च्या जवळ येते, पसरलेल्या पंजाचे बरेच कमी. चेंडूवर दिव्याचा पांढरा ठिपका पडून मास्कला भोक पडत असेल, तर ही तुलना करण्याआधी मॉर्फॉलॉजिकल क्लोजिंग करून ते बुजवावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. दोन मास्क आणि स्थिर व्हाइट बॅलन्स यांमुळे जवळचा चेंडू आता अखंड दिसतो, हाताचा गोंधळही थांबला. मात्र एक्स्पोजर ३० मिलिसेकंद ठेवल्यामुळे रोबो वळताना चेंडू लांबट आणि फिकट दिसतो व काही फ्रेममध्ये निसटतो. एक्स्पोजर कमी करून ७ मिलिसेकंदांवर आणले, तर ट्यूबखाली चित्रावर आडवे पट्टे सरकू लागतात.

उत्तर – रोबोटिक्स मार्गदर्शक
आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. म्हणून एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत हवे. एक्स्पोजरटाइम १०००० मायक्रोसेकंद ठेवा आणि उजेडाची तूट गेन वाढवून भरून काढा. त्याने येणारे बारीक दाणे ब्लरने (चित्र किंचित धूसर करून) जातील. एवढे करूनही एखादी फ्रेम निसटेलच, त्यामुळे चेंडू दिसला नाही की लगेच मोटार थांबवून शोध सुरू करण्याची आज्ञा देऊ नका. शेवटच्या माहीत असलेल्या दिशेने वेग कमी करून चालू राहा आणि सलग पाच-सहा फ्रेम रिकाम्या गेल्या, तरच शोध सुरू करा.