केप फुटते, बार फुसका: ठासणीच्या रायफलीची पहिली गोळी

ओहायोकर
.५० कॅलिबरची पर्कशन (केपेच्या आगीने दारू पेटणारी) रायफल, ११ नंबरच्या केपा (घोडा आपटला की फुटणाऱ्या छोट्या टोप्या), ७० ग्रेन २एफ (मध्यम दाण्याची) काळी दारू. प्रत्येक वेळी धुऊन, भरपूर तेल देऊन ठेवतो. तरी पुढच्या वेळी पहिला बार हमखास फुसका. केप फुटते, गोळी आतच. दुसऱ्या-तिसऱ्या केपेला उडते आणि मग दहा-बारा बार बिनतक्रार. दारू सर्दावली असेल का?

गजवाला
नाही, पुढचे दहा बार त्याच दारूवर होतायत ना! हा तेलाचा प्रताप. रायफल दस्त्यावर उभी ठेवली की नळीतलं तेल ओघळून तळाशी आणि निपलमागच्या (केप बसते त्या पोकळ खुंटीमागच्या) बारीक भोकात साचतं. केपेची आग तिथेच विझते, शिवाय तळाची दारू तेलकट होते. पहिल्या केपेने थोडं तेल उडतं, म्हणून दुसरी चालते.

तेल द्या, पण चिंधीला पुसटसं. ठेवताना तोंड खाली, खाली कागदाची घडी. भरण्यापूर्वी गज (दारू ठासायची लांब काठी) आत सोडून नळी रिकामी असल्याची खात्री करा. एक चिंधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून फिरवा, मग दोन कोरड्या. आता नळीचं तोंड गवताच्या पात्यापासून वीतभर धरून नुसती केप उडवा. पातं सपकन हललं तर वाट मोकळी. नाही हललं तर दारू घालूच नका.

घोडा_चाप
आधी हे बघा की केपच फुटत नाही, की केप फुटून दारू पेटत नाही. दोन्ही वेगळे रोग आहेत. पहिल्या टोल्याला केप न फुटता दुसऱ्याला फुटत असेल, तर ती निपलवर पुरती बसलेली नसते. निपलचं टोक चेपून पसरलंय का बघा, नवं निपल स्वस्त असतं. ओहायोकरांचा रोग दुसरा.

ओहायोकर
पातं ढिम्म हललं नाही.

गजवाला
मग निपल पान्याने काढा, भोकात पाइप क्लीनर घाला. बाजूला साफसफाईचा स्क्रू असेल तर तोही काढा. काळा चिखल निघेल. धुताना नळी सुटी करून निपलची बाजू बादलीत बुडवा, साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी चिंधीने पंपासारखं ओढा-ढकला. पाणी स्वच्छ येईपर्यंत. दोन बारांमध्ये मात्र चिंधी दमटच हवी, निथळणारी नको. आणि घट्ट बसणारा जॅग (गजाच्या टोकाचा, चिंधी धरणारा तुकडा) काजळी ढकलून थेट भोकात कोंबतो.

घोडा_चाप
पाणी उकळतं घेऊ नका. नळी झटकन वाळते खरी, पण आत तांबूस गंजाची साय धरते. काजळीतले क्षार कोमट पाण्यातही विरघळतात. पायरोडेक्सलाही (काळ्या दारूऐवजी वापरतात ती दारू) हेच लागू, तीही गंज आणते.

रत्नांग्रीचा_गडी
शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या आमच्याकडच्या ठासण्यांची नळी बऱ्याचदा सुटत नाही. तिथे निपलवर रबरी नळी चढवून दुसरं टोक बादलीत सोडायचं, मग वरून चिंधी ओढायची. काजळी हवेतली ओल ओढते, पावसाळ्यात तर एका रात्रीत गंज. धुणं त्याच दिवशी.

गजावर दोन खुणा कोरा: रिकामी नळी, भरलेली नळी. बार फुसका गेला तर तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून निदान मिनिटभर थांबा, उशिरा उडू शकतो. मग नवी केप. तरी नाही उडाला तर निपल काढून भोकात बारीक दारूचे चार दाणे सोडा, निपल घट्ट बसवा आणि पुन्हा केप.