मदत हवी आहे : कम्युनिटी कॉलेजातून डिव्हिजन वनमध्ये जाणारी जलतरणपटू मुलगी, अभियांत्रिकी आणि चाळीस टक्क्यांचा नियम

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत महाविद्यालयीन स्तरावर खेळणाऱ्या मुलांचे पालक, किंवा अशा विद्यापीठांच्या खेळ विभागात अथवा रजिस्ट्रारच्या (विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी सांभाळणाऱ्या) कार्यालयात काम केलेले कोणी येथे असतील, तर त्यांच्याकडून मला एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे. प्रश्न छोटा आहे, पण तो कळण्यासाठी मागची हकिगत आवश्यक असल्याने ती आधी सांगते.

माझी मुलगी पुण्यात टिळक तलावावर पोहायला शिकली. २०२२ साली तिची दहावी झाल्यावर आम्ही कॅलिफोर्नियात आलो, तिने अकरावी-बारावी येथील सरकारी शाळेत केली आणि मग घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या महाविद्यालयात, प्रवेश घेतला. तेथे दोन वर्षे ती संघातून पोहली. येत्या ऑगस्टमध्ये तिला शेजारच्या राज्यातील एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचे आहे. विद्यापीठ एनसीएएच्या (महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या) डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या श्रेणीतील आहे, प्रशिक्षकांनी तिला संघात जागा आणि अंशतः शिष्यवृत्ती देऊ केली आहे, आणि यंत्र अभियांत्रिकीत प्रवेशही मिळाला आहे.

पहिला टप्पा सुरळीत पार पडला. एनसीएएच्या पात्रता केंद्राकडून तिला ‘क्वालिफायर’ म्हणजे शालेय गुणांवर पात्र ठरलेली खेळाडू, हा दर्जा मिळाला आहे. त्यासाठी शाळेतील १६ मूलभूत विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. प्रवेशपरीक्षेच्या गुणांची अट जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. या १६ विषयांत नववी आणि दहावीही धरली जात असल्यामुळे आम्हाला पुण्याच्या शाळेतून नववीचे गुणपत्रक मागवावे लागले. भारतातून मुले घेऊन येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, केवळ बोर्डाचे गुणपत्रक न आणता नववीचे शालेय गुणपत्रकही शिक्क्यासह सोबत आणावे. क्वालिफायर असलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांच्या महाविद्यालयातून बदली घेताना पूर्णवेळ शिकलेल्या प्रत्येक सत्रामागे सरासरी १२ हस्तांतरणीय युनिट (श्रेयांक) आणि किमान २.५ सरासरी एवढेच दाखवावे लागते. मुलीची सरासरी ३.४ आहे आणि सहा क्वार्टरांत तिची पोहण्याचे तास वगळून ९३ युनिट झाली आहेत. तेव्हा आता काळजी करण्यासारखे काही उरले नाही, असे आम्ही धरून चाललो होतो.

अडचण पुढच्या टप्प्यात आली. डिव्हिजन वनमध्ये खेळाडूने तिसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी आपल्या पदवीचा ४० टक्के भाग, चौथ्या वर्षापूर्वी ६० टक्के आणि पाचव्या वर्षापूर्वी ८० टक्के भाग पूर्ण केलेला असावा लागतो. २००३ च्या आधी हेच टप्पे २५, ५० आणि ७५ टक्के होते. ते वाढवण्यामागचा हेतू मला मनापासून पटतो, कारण चार वर्षे संघासाठी राबून शेवटी पदवीविना घरी परतणाऱ्या मुलांवर होणारा अन्याय त्यामुळे कमी व्हावा, ही त्यामागची दृष्टी होती. बदली घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा नियम लागू आहे, आणि येथे मोजली जातात ती विद्यापीठाने ‘स्वीकारलेली’ सगळी युनिट नव्हेत, तर विद्यार्थ्याने निवडलेल्या विशिष्ट पदवीला प्रत्यक्ष ‘लागू पडणारी’ युनिट. स्वीकारली जाणे आणि लागू पडणे या दोन गोष्टींतील फरक आम्हाला कोणी वेळेवर सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

आमचे कॉलेज क्वार्टर पद्धतीचे (वर्षाला तीन मुख्य सत्रे) आहे आणि विद्यापीठ सेमिस्टर पद्धतीचे (वर्षाला दोन). क्वार्टरच्या युनिटांना दोन तृतीयांशाने गुणले की सेमिस्टरची युनिट मिळतात. म्हणजे ९३ ची ६२ होतात. विद्यापीठाने ही सर्व ६२ युनिट स्वीकारली, प्रवेशपत्रातही तसेच लिहिले आणि आम्ही पेढे वाटले. दोन आठवड्यांनी अभियांत्रिकी विभागाकडून पदवीनिहाय मूल्यमापन आले, त्यात लागू पडणारी युनिट केवळ ४४ निघाली. पहिल्या वर्षी मुलीच्या मनात वैद्यकीय क्षेत्र होते, म्हणून तिने जीवशास्त्राची तीन सत्रांची मालिका पूर्ण केली होती. त्या मालिकेची १८ क्वार्टर युनिट, मानसशास्त्राची ५ आणि वक्तृत्वाची ४, अशी २७ क्वार्टर युनिट म्हणजेच १८ सेमिस्टर युनिट बाजूला पडली. इतर अनेक पदव्यांमध्ये असे विषय ऐच्छिक म्हणून सामावले जातात, पण अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात मोकळ्या ऐच्छिक विषयांना जागाच जवळजवळ नसते.

ही पदवी १२६ युनिटांची आहे. तिचे ४० टक्के म्हणजे ५०.४. मुलीकडे आहेत ४४, म्हणजे ६.४ युनिट कमी पडतात.

प्रशिक्षकांनी सुचवलेला मार्ग असा की, तिने मुख्य विषय बदलून जीवशास्त्र आणि मानसशास्त्र दोन्ही सामावून घेणारी एखादी आंतरशाखीय पदवी घ्यावी, म्हणजे पहिल्या दिवसापासून स्पर्धेत उतरता येईल. त्यांचा हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. त्यांच्यावर संघाची जबाबदारी आहे. पण नियमाने ज्या मुलीचे शिक्षण जपायचे, तिलाच नियमात बसवण्यासाठी तिचे शिक्षण बदलायला सांगितले जाते, हे पाहून मला फार वाईट वाटले. वर्षभराने परत अभियांत्रिकीकडे वळू, हा विचारही टिकत नाही, कारण चौथ्या वर्षापूर्वी ६० टक्के म्हणजे ७५.६ युनिट त्या वेळच्या पदवीला लागू पडणारी हवीत, आणि अभियांत्रिकीतील विषय एकमेकांवर इतके अवलंबून असतात की एक वर्ष हुकले तर पुढची साखळीच सरकते.

दुसरा मार्ग आम्ही स्वतः शोधला आहे. उन्हाळी सत्रात ती आमच्याच कॉलेजात विकलक समीकरणे आणि रैखिक बीजगणित हे दोन विषय घेऊ शकते. प्रत्येक विषय ५ क्वार्टर युनिटांचा असून दोन्ही अभियांत्रिकीला आवश्यक आहेत. १० क्वार्टर युनिटांची ६.६७ सेमिस्टर युनिट होतात. ती ४४ मध्ये मिळवली की ५०.६७, म्हणजे ५०.४ च्या जेमतेम वर. सत्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि विद्यापीठ त्या महिन्याच्या शेवटी सुरू होते, त्यामुळे वेळही जुळते.

आता माझा नेमका प्रश्न. विद्यापीठात हे दोन्ही विषय प्रत्येकी ३ सेमिस्टर युनिटांचे आहेत. आमच्याकडील एका विषयाची ३.३३ युनिट येतील. चाळीस टक्के मोजताना ही ३.३३ धरली जातात, की विद्यापीठातील विषयाएवढीच ३ धरून उरलेले ०.३३ ऐच्छिक म्हणून बाजूला टाकले जाते? पूर्ण धरली तर मुलगी पात्र ठरते. तीनच धरली तर बेरीज ५० होते, ५० भागिले १२६ म्हणजे ३९.६८ टक्के, आणि सहा आठवड्यांत गणिताचे दोन अवघड विषय पूर्ण करूनही ती सत्रभर काठावर बसेल. कोणाच्या मुलांच्या बाबतीत असा अपूर्णांकाचा प्रश्न आला असल्यास तो कसा सुटला, हे कृपया सांगावे.

तिने एक सत्र स्पर्धेविना केवळ सराव करावा, असाही एक पर्याय आहे. पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम या हिशेबाने तिच्याकडे तीन वर्षे आणि दोन हंगाम शिल्लक आहेत, त्यामुळे मुदतीची अडचण नाही. भीती संघातील जागेची आहे. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांच्या संघांत खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली आहे, आणि जी पोहू शकत नाही तिच्यासाठी प्रशिक्षक जागा किती काळ राखतील, हे सांगता येत नाही.

मी स्वतः विद्यापीठाला दूरध्वनी केला होता. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा कायदा सांगून त्यांनी मुलीच्या लेखी संमतीशिवाय बोलण्यास नम्रपणे नकार दिला, आणि ते योग्यच होते. म्हणून आता जे विचारायचे ते तीच विचारणार आहे. कोणाला आणि कोणत्या शब्दांत विचारावे, एवढे तिला सांगता यावे म्हणून हा धागा काढला आहे.

प्रतिसाद

ताई, मी काही वर्षे एका डिव्हिजन वन विद्यापीठात खेळाडूंची शैक्षणिक सल्लागार म्हणून काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

आपण केलेला हिशेब बरोबर आहे आणि शंकाही योग्य जागी आहे. अपूर्णांकाचे उत्तर मात्र एनसीएएच्या पुस्तकात शोधण्याऐवजी त्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडे शोधावे, कारण बाहेरचा विषय पदवीच्या कोणत्या रकान्यात किती युनिटांनी भरायचा, हे विद्यापीठ आपल्या सर्व विद्यार्थ्यांसाठी जसे ठरवते तसेच ते खेळाडूसाठीही ठरवते. मी जेथे काम केले तेथे ३.३३ पैकी ३ आवश्यक विषयात आणि ०.३३ ऐच्छिक रकान्यात जात असे. त्या पदवीला ऐच्छिक रकानाच नसेल तर ते ०.३३ वाया जात असे. म्हणून केवळ या दोन विषयांवर विसंबून राहू नये, असे मी सांगेन.

आपल्या लिखाणात मला एक वेगळी वाट दिसते. अमेरिकेतील अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देणारी एबेट ही संस्था गणित आणि मूलभूत विज्ञान मिळून किमान ३० सेमिस्टर युनिटांची अपेक्षा ठेवते. ती भरण्यासाठी अनेक विभागांच्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राव्यतिरिक्त एक ‘विज्ञान ऐच्छिक’ विषय असतो. आपल्या मुलीच्या पदवीत तशी जागा आहे का, हे त्या वर्षीच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत पाहावे. असल्यास, प्रयोगशाळेसह केलेला जीवशास्त्राचा एक विषय तेथे धरावा, असा लेखी अर्ज तिने विभागाकडे करावा. ६ क्वार्टर युनिटांची ४ सेमिस्टर युनिट होतात. तेथेही ३ च धरली, तरी ४४ अधिक ३ अधिक ६, म्हणजे ५३ होतात आणि अपूर्णांकाचा प्रश्नच उरत नाही. ही सवलत खेळाडू म्हणून मागायची नाही, कोणत्याही विद्यार्थ्याला जी मिळू शकते तीच मागायची आहे. तशी ती मागितली तर विभागही मोकळेपणाने विचार करतो.

पत्र एकच लिहावे आणि ते विभागाचे सल्लागार, रजिस्ट्रारचे कार्यालय आणि खेळ विभागातील कंप्लायन्स अधिकारी (नियमांचे पालन पाहणारे) या तिघांनाही एकाच वेळी पाठवावे. प्रशिक्षकांचे तोंडी आश्वासन कितीही मनापासून दिलेले असले, तरी पात्रतेवर सही त्यांची नसते. आणखी एक गोष्ट म्हणजे, उन्हाळी सत्राचे ट्रान्सक्रिप्ट वर्ग सुरू होण्यापूर्वी विद्यापीठात पोहोचेल याची तजवीज जुलैमध्येच करून ठेवावी.

पुढच्या वर्षाचाही हिशेब आताच मांडून ठेवा. ५३ वरून ७५.६ वर जायला एका वर्षात २२.६ युनिट लागतील. दर सत्राला पूर्णवेळेची किमान १२ युनिट घेतली, सगळी पदवीला लागू पडणारी असली आणि एकही विषय गेला नाही, तर २४ होतात. म्हणजे चुकीला वाव १.४ युनिटाचा आहे. पहिल्या सत्रात १४ घ्यावीत आणि स्पर्धांचा मोसम ऐन भरात असतो त्या सत्रात १२.

धागाकर्तीचे उत्तर

आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. आज संध्याकाळी आम्ही दोघींनी अभ्यासक्रम-पुस्तिका पुन्हा वाचली. ‘गणित अथवा विज्ञान ऐच्छिक, ३ युनिट’ अशी एक ओळ तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात खरोखरच आहे. त्याखाली चालणाऱ्या विषयांच्या यादीत सामान्य जीवशास्त्राचा पहिला भाग दिलेला आहे. मूल्यमापन करताना तिसऱ्या वर्षाचा रकाना बहुधा पाहिला गेला नसावा.

मुलीने आपण सांगितल्याप्रमाणे तिघांना एकच पत्र पाठवले आहे आणि सोबत जीवशास्त्राच्या विषयाची रूपरेषा व प्रयोगशाळेच्या तासांचा तपशील जोडला आहे. उन्हाळी सत्रातील दोन्ही गणिताच्या विषयांसाठी नावही नोंदवले. अर्ज मान्य झाला तर तिला ६.४ पैकी ३ युनिट तेथेच मिळतील, पण उरलेल्या ३.४ साठी एक विषय अपुरा पडतो, म्हणून दोन्ही घ्यावेच लागणार आहेत, हे तिने स्वतःच हिशेब करून मला दाखवले.

एक शंका उरली आहे. विभागाची मान्यता वर्ग सुरू झाल्यानंतर आली, तर ती मागील तारखेपासून धरून पहिल्याच सत्रात स्पर्धेची पात्रता मिळते का, की पुढील सत्राची वाट पाहावी लागते? आपल्या वेळी असे प्रकरण आले असल्यास अवश्य लिहावे. विभागाचे उत्तर आले की मी याच धाग्यावर कळवीन.