विथड्रॉवलला काय म्हणावं: उचल, आहरण की मोड?

घोडबंदरकर: नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यासाठी इंडेक्स फंड (निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड) आणि एसडब्ल्यूपी (फंडातून दरमहा ठरलेली रक्कम काढत राहण्याची सोय) यांवर दोन पानी मराठी टिपण करायचंय. 'विथड्रॉवल'ला 'उचल' चालेल का?

वाशी१७: नको. ऊसतोड टोळी मुकादमाकडून घेते ती उचल, आगाऊ घेऊन पुढे फेडायची. इथे पैसे आपलेच. 'आहरण' अचूक आहे, पण तो शब्द सरकारी कचेरीतल्या 'आहरण व संवितरण अधिकाऱ्या'ला कायमचा चिकटलाय.

पाचपाखाडी: सरळ 'मोडणे' घ्या. एफडी मोडतो, सोनं मोडतो, तसे युनिट, म्हणजे फंडातले आपले हिस्से, मोडायचे. 'दरमहा उत्पन्न' लिहिलंत की लोक व्याज समजतात. महिन्याला ३०,००० काढायचे ठरवले आणि एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, १५० असली, तर २०० युनिट मोडतात. बाजार पडून ती १२० झाली की तेवढ्याच रकमेला २५०. निवृत्तीच्या पहिल्या दोन-चार वर्षांत हे झालं तर जास्तीचे मोडलेले युनिट पुढच्या तेजीला हाताशी नसतात. म्हणून दोनेक वर्षांचा खर्च लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांचा, कमी चढउताराचा फंड) वेगळा ठेवायचा आणि पडझडीत तिथून घ्यायचा.

करही मोडीवरच. आधी घेतलेलं युनिट आधी मोडतं. इक्विटी फंडात १२ महिन्यांवरच्या युनिटचा फक्त नफा करपात्र, वर्षाला १.२५ लाखांपर्यंत माफ, त्यावरच्या नफ्याला १२.५%. व्याज समजणारा अख्खी रक्कम उत्पन्नात धरून बसतो.

वाशी१७: पण सोनं मोडलं म्हणजे घरात काहीतरी बिनसलं, असा वास येतो.

पाचपाखाडी: येऊ दे की! मुद्दल हलतंय हे तरी कळेल. युनिट मोडण्याला 'विमोचन' लिहिलंत तर मंडळी गडकरी रंगायतनला पुस्तक घ्यायला जातील.

घोडबंदरकर: मग ४% विथड्रॉवल रेट म्हणजे 'मोडीचा दर'?

वाशी१७: ती सराफाची पाटी झाली. शिवाय 'दर' म्हटलं की दरवर्षी उरलेल्या रकमेचे ४% असं वाटतं. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेनच्या १९९४च्या हिशेबात ४% फक्त पहिल्या वर्षी, पुढे तीच रक्कम महागाईने वाढवायची. ७५ लाखांवर पहिल्या वर्षी ३ लाख. महागाई ६% असली तर दुसऱ्या वर्षी ३.१८ लाख, मग फंड वर असो की खाली. 'पहिल्या वर्षाची मोड' असं लिहा. आणि आकडे अमेरिकी बाजाराचे, ३० वर्षांसाठीचे, हे त्याच ओळीत हवं, तळटीप कुणी वाचत नाही. इथे मी तरी ४ऐवजी ३ ते ३.५ टक्केच धरीन.

घोडबंदरकर: कॉर्पसला, म्हणजे जमवलेल्या एकूण रकमेला, 'गंगाजळी'?

पाचपाखाडी: ती रिझर्व्ह बँकेची. आपली पुंजी.